भाषणाचे सांधे

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते भाषणातल्या सांध्यांविषयी. एक मुद्दा संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या मधल्या जागेविषयी. आता शाळांची स्नेहसंमेलनं येतील, हळदीकुंकवाचे कार्यक्रम येतील, कुणाच्या सेवापूर्तीचा समारंभ असेल. तुमच्यापैकी कुणाला तरी माईकसमोर उभं राहावं लागणारच. सुरुवात कशी करावी हे मला सगळे विचारतात. शेवट कसा करावा हेही विचारतात. पण मधे एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसं जावं, हे फार थोडे विचारतात. भाषण कोसळतं ते नेमकं तिथं.

कारण साधं आहे. वाचणाऱ्याला पान उलटून मागं जाता येतं. ऐकणाऱ्याला मागं जाता येत नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं यावरच उभं आहे: ऐकणाऱ्याला मागं जाता येत नाही. त्याचं बोट एकदा सुटलं की तो सभागृहात बसलेला असतो, पण भाषणात नसतो.

एक उदाहरण घेऊ. गावातल्या वाचनालयाच्या कार्यक्रमात एक वक्ता म्हणतो, "आपल्या वाचनालयात पुस्तकं भरपूर आहेत. वाचक कमी झालेत. इमारत गळते. सर्वांनी मदत करावी." चार वाक्यं. चारही खरी. पण एकमेकांशी त्यांचं नातं काय, ते ऐकणाऱ्यानं शोधायचं. आता हेच असं ऐका: "आपल्या वाचनालयात पुस्तकं भरपूर आहेत, पण वाचक कमी झालेत. का कमी झालेत? कारण इमारत गळते, आणि पावसाळाभर वाचनकक्ष बंद ठेवावा लागतो. म्हणून मी आज पुस्तकांसाठी नाही, कौलांसाठी मदत मागतोय."

पण, कारण, आणि, म्हणून. शाळेत उभयान्वयी अव्ययं म्हणून पाठ केलेले हेच ते शब्द. मधे एक छोटा प्रश्न. एवढ्यानं भाषण उभं राहिलं. 'पण' म्हटलं की ऐकणारा वळायला तयार होतो. 'म्हणून' म्हटलं की आता निष्कर्ष येणार हे त्याला कळतं. मात्र या शब्दामागं खरं नातं हवं. पहिल्या वाक्यातून दुसरं निघतच नसेल, तर 'म्हणून' लावून ते निघत नाही.

आणि बोलताना बोलण्यातलेच शब्द वापरा. 'परंतु', 'तथापि', 'तद्वतच' हे कागदावर शोभतात. बोलताना 'पण', 'तरी', 'तसंच' पुरतं. 'या ठिकाणी' या दोन शब्दांविषयी तर मला फार वाईट वाटतं. "मी या ठिकाणी सांगू इच्छितो, की या ठिकाणी जमलेल्या या ठिकाणच्या सर्व..." हे ऐकून ऐकून आता शाळकरी मुलंही तसंच बोलायला लागली आहेत. या शब्दांनी काहीही जोडलं जात नाही, नुसती जागा भरते. त्यापेक्षा क्षणभर गप्प राहावं. गप्प राहणं हाही सांधाच आहे, आणि चांगला सांधा आहे.

तर मी सांगत होतो जोडण्याविषयी. या बाबतीत मी ऐकलेलं सर्वांत उत्तम भाषण एका एसटीच्या वाहकाचं आहे. ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आमच्या ओळखीतले एक चालक निवृत्त होत होते. कोकणातून घाटावर जाणाऱ्या गाडीवर त्यांची बरीच नोकरी झाली. चिपळूणहून कराड. समारंभाला मंडप, खुर्च्या, शाल, श्रीफळ, सगळं होतं. आधी भाषणं झाली. प्रत्येकानं सांगितलं की सत्कारमूर्ती शिस्तप्रिय आहेत, मनमिळाऊ आहेत, हसतमुख आहेत. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण एकाचं भाषण संपून दुसऱ्याचं सुरू झालं तरी फरक कळत नव्हता. मागं मुलांची पळापळ सुरू झाली, बायका आपसांत बोलू लागल्या.

मग त्यांचा जुना वाहक उभा राहिला. जन्मात कधी भाषण न केलेला माणूस. माईकसमोर आला आणि काही बोललाच नाही. खिशातून तिकिटं पंच करायचा तो जुना चिमटा काढला आणि माईकच्या दांड्यावर दोनदा वाजवला. टिक, टिक. सगळा मंडप गप्प झाला. एसटीत दोन टोले म्हणजे काय, हे कुणाला सांगायला लागतं?

"चिपळूण," तो म्हणाला. "गाडी सुटायची आहे. मी नवीन होतो. पहिल्याच दिवशी ट्रे हातात घेऊन मला घाम फुटला होता. पैशाचा हिशेब चुकला तर? हे पुढनं मागं वळले आणि म्हणाले, चुकला तर रात्री दोघं बसून जुळवू, आता डबल दे. त्या दिवसापासून मी यांच्याबरोबर आहे." टिक, टिक. "चिपळूण सुटलं."

पुढचा थांबा पिंपळी. तिथं त्यानं शाळेच्या मुलांचं सांगितलं. एखादं पोर बांधावरून दप्तर सावरत धावत येताना दिसलं, तर हे गाडी थांबवून ठेवायचे. "मी म्हणायचो, काका, उशीर होतोय. हे म्हणायचे, घाटात भरून काढू. पण," आणि इथं तो थांबला, "पण घाटात यांनी कधीच भरून काढलं नाही. घाटात हे कधी घाई करत नसत. उशिराचं बोलणं कराडला स्वतः ऐकून घ्यायचे." टिक, टिक.

मग म्हणाला, "अलोरे-शिरगाव आज घेत नाही, गाडी जलद आहे." लोक हसले. तुमच्या लक्षात आलं का? काय गाळतोय तेही त्यानं सांगितलं. आपण मधलं काही सोडलं की ऐकणारा गोंधळतो, काहीतरी निसटलं असं त्याला वाटत राहतं. यानं एका वाक्यात ते मिटवलं.

"पोफळी. इथं कोयनेचं वीजघर आहे ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला पोफळी वेगळ्या कारणानं माहीत आहे. इथून पुढं कुंभार्ली घाट. म्हणून हे इथं उतरायचे. गाडीभोवती एक फेरी, प्रत्येक टायरला हात, मग तांब्याभर पाणी. रोज. ऊन असो, पाऊस असो. मी एकदा विचारलं, रोज काय बघता? म्हणाले, जे बघायचं ते खालीच बघायचं, वर गेल्यावर बघून उपयोग नाही."

टिक, टिक. आणि आवाज खाली आला.

"घाट. जुलै महिना होता. पुढं दरड आलेली, मागं झाड पडलेलं. गाडीत माणसं, लहान पोरं, एक म्हातारी, आणि रात्र. यांनी आपला डबा उघडला आणि आधी पोरांना दिला. सगळ्यांना सांगितलं, झोपा, सकाळी रस्ता मोकळा होईल. माणसं झोपली. मीही झोपलो. मध्यरात्री जाग आली तर हे गाडीत नव्हते. खाली उतरून बघितलं. घोंगडं डोक्यावर घेऊन, हातात बॅटरी, हे वरच्या कड्याकडं तोंड करून उभे. दगड घरंगळताना दिसला तर आधी ओरडता यावं म्हणून. उजाडेपर्यंत उभे होते. सकाळी माणसं उठली, आपापल्या गावाला गेली. यातलं कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. आज तुम्हाला सांगितलं."

मंडपात हालचाल नव्हती. हा सगळ्या भाषणाचा सर्वांत उंच भाग. आता इथून खाली कसं उतरायचं? भलेभले वक्ते इथं अडकतात. रडवलं की तिथंच रेंगाळतात, किंवा एकदम आभारावर उडी मारतात. हा म्हणाला, "पण गाडी घाटात थांबवून ठेवायची नसते. पुढं हेळवाक आहे, आणि हेळवाकला चहा आहे." सगळ्यांनी श्वास सोडला. चहाचे पैसे कोण देणार यावरून दोघांची रोज कशी भांडणं व्हायची, ते त्यानं सांगितलं. पाटणच्या गर्दीचं दोन वाक्यांत उरकलं.

"कराड. शेवटचा थांबा. इथं माझं एक काम असतं. सगळे उतरले की मागं जाऊन बघायचं, कुणाचं काही राहिलंय का. आज बघितलं तर माझंच राहिलंय. इतकी वर्षं बरोबर काढली, पण तुमचे उपकार मानायचे राहून गेले. ते आज मानतो."

आणि चिमट्याचा एकच टोला. टिक. एक टोला म्हणजे गाडी थांबवा. सत्कारमूर्ती खुर्चीतून अर्धे उठले होते. मंडपातल्या माणसांना टाळ्या वाजवायचं भान थोडं उशिरानंच आलं.

श्रोतेहो, त्या माणसाकडं एकही अलंकारिक वाक्य नव्हतं. आधीच्या वक्त्यांपेक्षा त्याचं मराठी जास्त शुद्ध होतं असंही नाही. पण त्याच्याकडं रस्ता होता. आपण कुठं आलोय, किती उरलंय, हे प्रत्येकाला कळत होतं, कारण तो रस्ता तिथल्या सगळ्यांच्या पायाखालचा होता. दुसरी गोष्ट, सांध्यावर ठरलेली खूण होती, ती चिमट्याची टिकटिक. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तो नुसता 'पुढचा थांबा, पुढचा थांबा' करत गेला नाही. 'पुढं घाट, म्हणून पोफळीला तपासणी.' 'घाटात भरून काढू म्हणायचे, पण भरून काढलं नाही.' प्रत्येक सांध्यात कारण होतं. रस्ता हवा, खूण हवी आणि कारण हवं.

आपल्याकडं कीर्तनकार हेच करत आलेत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं, उत्तररंगात आख्यान. या दोहोंच्या मधे काय होतं ते आठवा. नामाचा गजर होतो, बुक्का लावला जातो, बुवांच्या गळ्यात हार पडतो. म्हणजे सांध्याला स्वतःचा वेळ दिलेला आहे. श्रोत्यांना कळतं, विचाराचा भाग झाला, आता गोष्ट. आणि ती गोष्ट कितीही रंगली तरी शेवटी बुवा मूळ पदावर येतात. आपणही लांबची गोष्ट सांगितली, की ज्या वाक्यावरून निघालो ते वाक्य पुन्हा म्हणावं. 'तर मी सांगत होतो' एवढ्यानंही ऐकणारा परत येतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ना ध्वनिक्षेपक होता ना पडदा. माणसाचा आवाज आणि विचारांची साखळी, एवढ्यावर लोक बसून ऐकायचे. आता पडद्यावर चित्रं दाखवत बोलायची पद्धत आली, आणि वक्त्याला वाटतं 'पुढची स्लाइड' म्हटलं की जोडणी झाली. ती होत नाही. चित्र बदललं म्हणून विचार पुढं जात नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, की ज्याला वीज गेल्यावर तेच भाषण करता येत नाही, त्यानं घरी आणखी तयारी करावी.

मराठीनं आपल्याला आणखी दोन सोयी दिल्या आहेत, त्या फार कामाच्या आहेत. एक म्हणजे 'ज्या'-'त्या'ची जोडी. "ज्या विहिरीवर आपल्या आज्या पाणी भरत होत्या..." असं म्हटलं, की ऐकणारा 'त्या विहिरीचं काय झालं' यासाठी थांबतो. वाक्य पुरं होईपर्यंत तो तुमचा असतो. दुसरी सोय आजीच्या गोष्टीतली. "राजानं विहीर खणली. विहीर खणली, पण पाणी लागेना. पाणी लागेना, म्हणून राजा निघाला..." मागच्या वाक्याची शेपटी पुढच्या वाक्यानं धरायची. भाषणात हे सतत केलं तर कंटाळा येईल. पण अवघड मुद्दा आला, आकडे आले, की एकदा शेपटी धरावी. लहान मूल झोपेच्या भरातही ज्या गोष्टीचा धागा सोडत नाही, ती अशी सांगितलेली असते.

शाळेतल्या शिक्षकांना एक विनंती. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना पाठ करायला लिखित भाषणं देऊ नका. पाठ केलेल्या भाषणात एक ओळ विसरली की मूल उभ्या उभ्या रडवेलं होतं, कारण पुढची ओळ मागच्या ओळीला कशानं बांधली आहे ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला विचारा, "हे झाल्यावर तू ते का सांगणार आहेस?" त्यानं स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं, की तेच उत्तर भाषणातला सांधा म्हणून वापरा. मग ओळ विसरली तरी मूल अडत नाही.

आता तुमच्या भाषणाची तयारी. मुद्दे तुम्हाला माहीतच असतात, ते लिहू नका. हातातल्या चिठ्ठीवर फक्त सांधे लिहा. पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना म्हणायचं ते एक वाक्य. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना म्हणायचं ते एक. मग घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि फक्त ही वाक्यं मोठ्यानं म्हणून दाखवा, मुद्दे न सांगता. तेवढ्यावरून भाषण कुठून कुठं जातंय हे त्यांना सांगता आलं, तर चिठ्ठी तयार आहे. नाही सांगता आलं, तर मुद्द्यांचा क्रम बदला आणि पुन्हा म्हणून बघा. दोन मुद्द्यांच्या मधलं वाक्य काही केल्या सुचत नसेल, तर त्यातला एक मुद्दा त्या भाषणातला नाही. तो काढून ठेवा, दुसऱ्या वेळी उपयोगी पडेल.

नमस्कार.