नवटाक : शेराचा आठवा हिस्सा आणि गुत्त्यावरची बोली

श्रोतेहो, दारूच्या गुत्त्यावरच्या मराठी बोलीत वजनामापांचे शब्द इतके आहेत, की अनोळखी माणसाला तिथे वाण्याचे दुकान चालले आहे असे वाटावे. ‘पावशेर मारली’, ‘नवटाक टाकून आला’ ही वाक्ये जुन्या पिढीने गिरणगावात आणि तालुक्याच्या बाजारात सारखीच ऐकलेली आहेत. यांपैकी पावशेराचा अर्थ आजही चटकन कळतो, पण नवटाक म्हणजे नेमके किती, हे तो शब्द सहज वापरणाऱ्यांनाही बहुधा सांगता येत नाही. म्हणून आज त्याच शब्दाविषयी बोलणार आहे.

शब्दाची फोड सरळ आहे. त्याचे जुने रूप ‘नवटांक’, म्हणजे नऊ टांक. टांक हे चार माशांचे लहानसे वजन; मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग. मुंबईच्या जुन्या कोष्टकात बहात्तर टांकांचा एक शेर आणि चाळीस शेरांचा एक मण होत असे. बहात्तरातले नऊ म्हणजे आठवा भाग, तेव्हा नवटाक म्हणजे शेराचा अष्टमांश किंवा पावशेराचा निम्मा. धान्य मापताना याच आठव्या हिश्श्याला कोळवे म्हणत. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर, अशी ती चढती भाजणी होती. गुत्त्याने मात्र कोळवे घेतले नाही, नवटाक घेतले. आणि ते स्वाभाविकही होते, कारण तेल, तूप, दूध यांसारखे पातळ जिन्नस शेर-पावशेर-नवटाक याच भाषेत मागितले जात आणि दारू त्यांच्याच रांगेत येऊन बसली.

आता प्रश्न असा, की हा आठवा हिस्सा कोणत्या शेराचा? मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे त्याचा शेर जेमतेम 317 ग्रॅमचा आणि नवटाक सुमारे 40 ग्रॅमचे. पक्का शेर मात्र ऐंशी तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅमचा, आणि त्याचे नवटाक 117 ग्रॅमच्या आसपास जाते. एकाच शब्दाच्या पोटात जवळजवळ तिप्पट फरक! वाण्याकडे तराजू असे आणि समोर डोळ्यांत तेल घालून पाहणारे गिऱ्हाईक असे, त्यामुळे तिथे हा घोळ निस्तरता येई. गुत्त्यावर काचेचा ग्लास हेच माप, आणि घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत गिऱ्हाईक फार वेळ राहत नसे. मला वाटते, नवटाकाचा नऊ टांकांशी असलेला संबंध इथेच सुटला आणि ‘मालक भरून देईल तो लहान ग्लास’ एवढाच अर्थ उरला.

या शब्दाच्या व्याकरणात एक मौज आहे. ‘नवटाक तेल आणले’ या वाक्यात क्रियापद तेलाच्या मागे जाते आणि नपुंसकलिंगी होते. ‘नवटाक मारली’ या वाक्यात ते स्त्रीलिंगी आहे, परंतु ज्या नामामुळे ते स्त्रीलिंगी झाले ते नाम वाक्यात कुठेच नाही. दारूचे नाव तोंडातून गाळले, तरी क्रियापदाच्या शेवटच्या ‘ली’मध्ये ती हजर राहिलीच. ‘पहिल्या धारेची’, ‘देशी’, ‘हातभट्टीची’ या शब्दांचीही हीच तऱ्हा. विशेषण तेवढे पुढे करायचे आणि विशेष्य समजून घ्यायचे. क्रियापदेही पाहा: मारणे, टाकणे, लावणे, चढवणे. ‘नवटाक प्यायलो’ असे म्हणणारा नवखाच ठरेल.

आडून बोलण्याची ही सोय 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर विशेष उपयोगी पडली असणार. मुंबईत हातभट्टीची दारू टायरच्या ट्यूबमधून आणि रबरी फुग्यांतून चोरून येई, गल्लीबोळांतल्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर ती ग्लासात ओतली जाई, आणि अशा जागी ज्याचे नाव न घेता नुसते माप सांगून काम भागते असा शब्द टिकला तर नवल नाही. पुढे 1956 चा वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली, आणि किराणा दुकानातून शेर, पावशेर, नवटाक निघून गेले. चोरट्या धंद्याला मापे तपासणाऱ्या निरीक्षकाचे भय नव्हते, त्यामुळे तिथे जुनी मापे चालूच राहिली.

त्यांना हटवले ते सीलबंद बाटलीने. दारूबंदी सैल झाल्यावर परवानाधारक दुकानांतून 180 आणि 90 मिलिलिटरच्या बाटल्या मिळू लागल्या, त्यांच्याबरोबर ‘क्वार्टर’ आणि ‘नाइंटी’ हे शब्द रुळले आणि माप ग्लासावरून बाटलीवर गेले. यात क्वार्टर म्हणजे पुन्हा चौथा हिस्साच, पावशेराच्या जागी बसलेला. नाइंटी हा नुसता आकडा. पण बोलणाऱ्याने त्यालाही जुन्याच चालीवर घेतले आणि आज परमिट रूममधून बाहेर पडणारा तरुण, ज्याने नवटाक हा शब्द कदाचित कधी ऐकलेला नाही, तोही ‘नाइंटी मारली’ असेच म्हणतो.