कार्लाइलची पोरं आणि १९१२ चा सीझन

नमस्कार मंडळी. आज मी ज्या टीमबद्दल बोलणार आहे ती आता अस्तित्वात नाही, तिची शाळा १९१८ साली बंद पडली, पण माझ्या मते अमेरिकन फुटबॉल आज जसा दिसतो तसा दिसायला ज्या थोड्या टीम्स कारणीभूत आहेत त्यात ही फार वरच्या नंबरवर येते. कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल, पेनसिल्व्हेनिया.

आधी शाळेबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींमध्ये ही शाळा काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे तिकडे ज्यांना इंडियन म्हणायचे त्यांच्या मुलांना शेकडो मैलांवरून रेल्वेने इथे आणायचं, आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचं, कपडे बदलायचे, स्वतःची भाषा बोलायला बंदी. प्रॅटचं म्हणणं उघड होतं, माणसातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा, हे त्याने १८९२ च्या भाषणात जाहीर सांगितलंय. शाळेच्या आवारातच मुलांचं कब्रस्तान आहे, दीडशेहून जास्त थडगी, क्षयाने आणि इतर आजारांनी गेलेली लहान लहान पोरं. हे डोक्यात ठेवा आणि मग मॅच बघा.

शाळेत पोरं फुटबॉल खेळायला लागली, एकाचा पाय मोडला आणि प्रॅटने खेळ बंद केला. मग पोरंच त्याच्याकडे गेली, पुन्हा खेळू द्या म्हणून. त्याने दोन अटी घातल्या, समोरच्याने कितीही मारलं तरी तुम्ही ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात तगड्या टीमला हरवून दाखवायचं. पोरांनी दोन्ही मान्य केल्या. १८९९ मध्ये पॉप वॉर्नर कोच म्हणून आला, मध्ये काही वर्षं गेला, १९०७ ला परत आला.

आता त्या काळचा फुटबॉल कसा होता ते बघा. फॉरवर्ड पास, म्हणजे बॉल पुढे फेकणं, नाही. बॉल पोटाशी धरायचा, सगळ्यांनी एकमेकांना चिकटून घोळका करायचा आणि समोरच्या घोळक्यात घुसायचं. आपल्या कबड्डीत पकड झाली की अंगावर अंग पडतं ना, तसं, पण दोन्हीकडची मिळून बावीस धिप्पाड माणसं, आणि डोक्यावर धड संरक्षण नाही. १९०५ च्या एका सीझनमध्ये पेपरांनी मोजलेले मृत्यू अठरा-एकोणीस होते. प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं, हा खेळ सुधारा म्हणून. १९०६ पासून पुढे पास करायला परवानगी मिळाली, पण इतक्या अटी घालून की मोठ्या कॉलेजांना वाटलं कशाला रिस्क घ्या, आपली वजनदार पोरं आहेतच की घुसायला.

कार्लाइलकडे वजन नव्हतं. पोरं हलकी, पण पळणारी. म्हणून त्यांना पास हवाच होता. १९०७ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीला २६-६ ने हरवलं, आणि त्या मॅचमध्ये पीट हाउझरने टाकलेला लांब पास आजही खेळाचा इतिहास सांगताना पहिल्या काही पानांत येतो. माझं ठाम मत आहे की पास करणं हे ‘घाबरटांचं काम’ नाही, हे लोकांना या पोरांनी पटवलं.

मग १९१२ उजाडलं आणि रूल पुन्हा बदलले. मैदान ११० यार्डांवरून १०० वर आलं, दोन्ही टोकांमागे दहा दहा यार्डांचे पट्टे, म्हणजे एंड झोन आले, टचडाउनचे, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे, पाच ऐवजी सहा पॉइंट झाले, दहा यार्ड पुढे जायला तीन ऐवजी चार डाव, म्हणजे प्रयत्न मिळाले, आणि पास वीस यार्डांपेक्षा लांब टाकायचा नाही ही अट गेली. म्हणजे ज्या गोष्टी कार्लाइलला हव्या होत्या त्या सगळ्या कागदावर आल्या. आज टीव्हीवर जो खेळ बघता त्याचा सांगाडा हाच आहे.

आणि त्याच उन्हाळ्यात कार्लाइलचा जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन सोनं घेऊन परतला. सॅक अँड फॉक्स जमातीचा मुलगा, जन्म आजच्या ओक्लाहोमात, तेव्हा त्याला इंडियन टेरिटरी म्हणायचे. त्याच ऑलिम्पिकमध्ये कार्लाइलच्याच लुईस तेवानिमाने दहा हजार मीटरमध्ये रौप्य घेतलं होतं, होपी जमातीचा मुलगा, त्याचं नाव फार कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेतो.

सीझन चालू झाला. सप्टेंबर ते थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा त्यांचा सण, चौदा मॅच. सुरुवातीच्या सोप्या होत्या, व्हिलानोव्हाला ६५-०, मग वॉशिंग्टन अँड जेफरसनबरोबर ०-० अशी बरोबरी, त्यानंतर सिरॅक्यूजला ३३-० आणि पिट्सबर्गला ४५-८. मोठ्या मॅच बहुतेक सगळ्या दुसऱ्याच्या मैदानावर, कारण तिकिटाचे पैसे तिकडेच मिळायचे, त्यामुळे पोरं सतत रेल्वेत. २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउन, २८ ला सीमा ओलांडून टोरंटो, २ नोव्हेंबरला लीहाय, आठ दिवसांत तीन मॅच, तिन्ही जिंकल्या.

आणि ९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट. समोर आर्मी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीची टीम. वुंडेड नी होऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती, जिथे लष्कराने लाकोटा लोकांची कत्तल केली, बायकापोरांसकट. मैदानात उभ्या असलेल्या पोरांचे आईबाप त्या काळात मोठे झाले होते, आणि समोरची पोरं पुढे त्याच लष्करात अधिकारी होणार होती. प्रत्येकाच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगणार नाही, पण हे कोणाच्याच लक्षात नव्हतं असं मी मानू शकत नाही.

वॉर्नरने त्या दिवशी नवीन मांडणी काढली, दोन्ही टोकांना एक एक खेळाडू बाहेर सरकवून, म्हणजे बॉल कोणाकडे जाणार आणि कुठल्या बाजूने पळणार हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. पुढे याला डबल विंग म्हणायला लागले. क्वार्टरबॅक गस वेल्च, ओजिब्वे जमातीचा, तो बॉल फिरवायचा, आणि थॉर्पवर तीन तीन माणसं धावून जायची तेव्हा अ‍ॅलेक्स आर्कासा दुसरीकडून निघून जायचा. पहिला स्कोअर आर्मीचा होता, सहा पॉइंट. त्यानंतर आर्मीला एकही मिळाला नाही. २७-६.

आर्मीकडून त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता, हो तोच, नंतर प्रेसिडेंट झालेला. थॉर्पला रोखायला त्याने जीव तोडून प्रयत्न केला आणि काही जमलं नाही. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. म्हातारपणीही तो थॉर्पबद्दल मनापासून कौतुकानेच बोलायचा.

आठवड्याने, १६ नोव्हेंबरला, पेनकडून, म्हणजे त्याच पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीकडून, ३४-२६ ने हरले. ही मॅच लोक गाळतात, मी गाळणार नाही. आर्मीला लोळवून आलेली, दोन महिने रेल्वेत झोपलेली पोरं होती ती, पेन त्या वर्षी काही फार जबरदस्त नव्हतं, तरी हरले. सीझनमधला हा एकच पराभव. मग स्प्रिंगफील्डला ३०-२४ असं कसंबसं हरवलं आणि थँक्सगिव्हिंगला ब्राउनला ३२-०. बारा विजय, एक हार, एक बरोबरी. थॉर्पची कार्लाइलकडून ती शेवटची मॅच.

जानेवारी १९१३ मध्ये पेपरात आलं की थॉर्प १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. किरकोळ पैसे, पण तेव्हा ऑलिम्पिकमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यांना जागा नव्हती. तेव्हा पुष्कळ कॉलेजची पोरं उन्हाळ्यात हेच करायची, फक्त खोटं नाव लावून, याने स्वतःचं खरं नाव लावलं. त्याने अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनला, म्हणजे हौशी खेळाडूंच्या अमेरिकन संघटनेला, पत्र लिहिलं की मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, मला या गोष्टींतलं सगळं कळत नव्हतं, थोडं समजून घ्या. नाही घेतलं. मेडल्स काढून घेतली. वॉर्नर म्हणाला मला यातलं काही माहीतच नव्हतं, आणि हे मला आजवर पटलेलं नाही, रोज ज्या पोराला ट्रेन करतो तो दोन उन्हाळे कुठे होता हे कोचला माहीत नसतं का?

थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८२ मध्ये ऑलिम्पिक कमिटीने त्याला परत विजेता मानलं, पण दुसऱ्याबरोबर संयुक्त म्हणून. एकट्याचं नाव यायला जुलै २०२२ उजाडावं लागलं.

शाळेच्या जागेवर आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे. कब्रस्तानातल्या मुलांचे अवशेष २०१७ पासून एकेक करून त्यांच्या घरच्यांकडे, त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जातायत, आणि ते काम अजून चालू आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊया.