काचेच्या पोटातलं रान

[दृश्य: खिडकीत टांगलेला पारदर्शक काचेचा गोळा. आत पांढरे रेशमी तंतू. गोळा हलतो, तंतू क्षणभर उशिरा हलतात.]

ही म्हातारी. रुईचं बोंड उकललं की रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर निघतं आणि पोरं त्याच्यामागे धावतात. सापडली तर फुंकर मारून सोडून द्यायची, हा त्या खेळाचा नियम. इथे तो मोडलाय. पाच म्हाताऱ्या काचेत बंद आहेत, नाताळच्या झाडावर टांगण्यासाठी.

[दृश्य: ज्योतीवर फिरणारी काचेची नळी, टोकाला फुगत जाणारा गोळा.]

झाडाला काचेचे गोळे टांगायची चाल पसरली ती जर्मनीतल्या थुरिंगियामधल्या लाउशा या गावातून. तिथली काचभट्टी १५९७ मधली. फुंकून केलेले पोकळ गोळे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. १८४७ हे साल सहसा सांगितलं जातं. पुढे १८६७ मध्ये गावात गॅस आला, ज्योत हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली आणि काच आणखी पातळ फुंकली जाऊ लागली. गोळ्याला आतून चांदीचा मुलामा द्यायची पद्धत रुळली. त्यामुळे काच असूनही आतलं काहीच दिसायचं नाही. दिसायचा तो बघणाऱ्याचाच चेहरा, जरा नाकाळ.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत कॉर्निंग कंपनी विजेच्या दिव्यांसाठी बनवलेल्या यंत्रावर हे गोळे काढत होती. युद्धात मुलाम्याचं सामान मिळेना, धातूच्या टोप्याही मिळेनात. मग साध्या काचेवर रंगाच्या चार रेघा, वर पुठ्ठ्याची टोपी. टंचाईचा माल! मला मात्र चांदीच्या गोळ्यांपेक्षा हेच आवडतात.

[दृश्य: टेबलावर पसरलेलं सामान. शेवाळ, नेच्याची पानं, दगडफूल, भूर्जाच्या सालीचे तुकडे, ओकची फळं.]

पारदर्शक गोळ्यात रान भरायचं म्हटलं की आडवं येतं ते पाणी.

१८२९ च्या सुमारास लंडनचे एक डॉक्टर, नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला. त्या मातीतून एक नेचा उगवला. उन्हात मातीतली वाफ वर जायची, काचेवर थेंब धरायचे, ते परत मातीत उतरायचे. वरून पाणी न घालता नेचा जगला. अशाच काचपेट्यांतून वॉर्डनी १८३३ मध्ये जहाजावरून थेट सिडनीला रोपं पाठवली.

वॉर्डना जे हवं होतं, नेमकं तेच आपल्याला नको आहे. ओलसर शेवाळ गोळ्यात घालून टोपी लावली की खिडकीच्या गारव्याने काच आतून धुरकटते, आणि काही दिवसांत हिरव्याच्या जागी बुरशीचा राखाडी लोकरी थर दिसतो. म्हणून सगळं आधी वाळवायचं. पानं जाड पुस्तकात दाबून, शेवाळ कागदावर पसरून. कुरकुरीत होईपर्यंत धीर धरायचा. ओकची फळं मंद ओव्हनमध्ये तापवलेली बरी, कारण आत भुंग्याची अळी असू शकते; सणाच्या दिवशी ती भोक पाडून बाहेर आलेली कुणाला आवडेल?

[दृश्य: पाण्याच्या वाटीत पाइनचे छोटे शंकू. मिटत जाणारे खवले, वेग वाढवून दाखवलेले.]

आता यातली गंमत बघा. गोळ्याचं तोंड जेमतेम बोटाएवढं, उमललेला शंकू त्यातून जात नाही. पण शंकूच्या खवल्याची बाहेरची बाजू पाणी पिऊन आतल्या बाजूपेक्षा जास्त फुगते, खवला आत वाकतो आणि शंकू मिटतो. असा मिटलेला बारका शंकू पुसून आत सोडायचा. तोंड उघडंच ठेवायचं. जसजसा तो वाळतो तसतसा आतल्या आत उमलतो. नंतर बघणारा विचारतो, हा गेला कसा? लगेच सांगू नये.

एवढीच एक गोष्ट ओली आत जाते. तीही पूर्ण वाळेपर्यंत, घाई न करता, टोपीशिवाय.

[दृश्य: कागदाचं नरसाळं, लांब चिमटा, आत उतरणारी पाइनची बारीक फांदी.]

बाकी हत्यारं साधी. कागदाचं नरसाळं, लांब चिमटा, टोकाला वाकवलेली तार. गोळा काठोकाठ भरू नये; एक पान, थोडं दगडफूल आणि भरपूर रिकामी जागा पुरते. पिसं घालायची तर कोंबडी-बदकाची घ्या, रानपक्ष्याचं पीस उचलून जवळ ठेवायला अनेक देशांत कायद्याने मनाई आहे. आणि थेट उन्हात टांगू नका, हिरवा रंग लवकर उडतो.

[दृश्य: सण संपलेला. गोळा कागदात गुंडाळताना थांबलेला हात. टोपी निघते.]

शेवाळ, दगडफूल, शंकू पुढच्या वर्षीही चालतात. म्हाताऱ्यांचा मात्र खेळ अर्धवट राहिला होता. गोळा उलटा करून टिचकी मारायची. तंतू काचेला चिकटतात, चटकन सुटत नाहीत. पाचातल्या दोन बाहेर आल्या. खिडकी उघडीच होती.