स्मिता पाटीलचा ‘पहिला’ सिनेमा: चोराच्या गोष्टीतली राजकन्या

नमस्कार मंडळी! मागे तो उंच मनोरा दिसतोय? वरळीचं दूरदर्शन केंद्र. वारा फार आहे, आवाज जरा सांभाळून घ्या.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे मराठी बातम्या द्यायला एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी बसू लागली. स्मिता पाटील. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायची, हा किस्सा तुम्ही शंभरदा ऐकलाय. तेव्हा पुढे.

तिचा पहिला सिनेमा कोणता? कुणी ‘निशांत’ म्हणतं, कुणी थेट ‘मंथन’. तर १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांनी डिप्लोमासाठी ‘तीव्र मध्यम’ केला, त्यात ती आहे. आणि १९७५ मध्ये श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’. मला बोलायचंय ते ह्याच्याबद्दल.

हा मुलांचा सिनेमा. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी केलेला, कृष्णधवल, बेताच्या पैशांत. गोष्ट राजस्थानी लेखक विजयदान देथांच्या लोककथेतून आलेली, नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर तिचं नाटकही करत होते. कॅमेरा गोविंद निहलानींचा. चरणदास झालाय लालूराम, आणि त्याच्याभोवती तन्वीरांच्या मंडळीतले छत्तीसगडी लोककलावंत. गाणं, नाच, टवाळी सगळं अंगात मुरलेलं. एक चोर गुरूला वचनं देऊन बसतो आणि ती पाळता पाळता पुरता अडकतो, एवढीच गोष्ट. त्यात स्मिता राजकन्या. विशीच्या उंबरठ्यावरची.

आता इथं लोक हमखास म्हणतात, ‘बघा, तेव्हाच ठिणगी दिसत होती!’ मला नाही पटत. खरं सांगू? सिनेमा खाऊन टाकतात ते लोककलावंत. परीकथेतल्या राजकन्येला करायला असतं तरी काय? मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बातम्या वाचताना समोर फक्त कॅमेरा असतो, उत्तर द्यायला कुणी नाही. रंगमंचाच्या मुरलेल्या माणसांसमोर उभं राहून त्यांचं ऐकायचं, मग बोलायचं, हे शिक्षण त्या टेबलामागे मिळत नाही. ते बहुधा इथं सुरू झालं. बेनेगलही छोट्या कामात तिला जोखून बघत असावेत, हा माझा अंदाज.

कारण पुढचा वेग बघा. ‘निशांत’मध्ये रुक्मिणी, १९७६ ला ‘मंथन’मधली बिंदू, ज्या सिनेमासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते. आणि १९७७ ला ‘भूमिका’. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून घेतलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. राजकन्येपासून तिथवर दोन वर्षं. फक्त दोन!

‘चरणदास चोर’ मिळाला तर घरातल्या एखाद्या लहान मुलाला शेजारी बसवून बघा. तुम्ही स्मिताला शोधत बसाल. ते पोरगं मात्र चोरावरून नजर हलवणार नाही.