फायलीबाहेर राहिलेला कागद

मंडळी, एका कागदापासून सुरुवात करतो. ऑक्टोबर १९६३. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या न्याय खात्याचे प्रमुख, रॉबर्ट केनेडी यांच्याकडे अर्ज पाठवला, की डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोन चोरून ऐकण्याची परवानगी द्यावी. अर्ज एका पानाचा, त्यात वाक्यं पाच. वर्णाच्या प्रश्नात कम्युनिस्टांचा हात आहे, एवढंच मोघम म्हणणं. प्रसंग नाही, तारीख नाही, पुरावा नाही. १० ऑक्टोबरला केनेडींनी परवानगी दिली. तो कागद कुठल्याही न्यायाधीशासमोर गेला नाही, कारण तशी गरजच कुणाला वाटत नव्हती.

पन्नास वर्षांनी जेम्स कोमी एफबीआयचे संचालक झाले. त्यांनी त्या अर्जाची प्रत स्वतःच्या टेबलावर ठेवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात बोलताना त्यांनी हे स्वतः सांगितलं. पाच वाक्यांवर एका माणसाचं खासगी आयुष्य उघडं पडलं, हे रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून. कोमींचं नाव ध्यानात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे.

किंग यांच्याबाबतीत काय झालं ते थोडक्यात सांगतो. फोन ऐकणं सुरू झालं आणि एफबीआयने पुढे त्यांच्या हॉटेलच्या खोल्यांतही माइक लपवले. नोव्हेंबर १९६४ मध्ये एफबीआयकडूनच त्यांना एक निनावी पत्र आणि टेप गेली. पत्राचा रोख असा, की आता तुमच्यापुढे एकच मार्ग उरलाय. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ जीव द्या असाच घेतला असता. हे सगळं बाहेर कसं आलं? ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावात काही नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं आणि तिथली कागदपत्रं वर्तमानपत्रांना पोस्टाने पाठवली. मग सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटची चौकशी समिती बसली, आणि १९७८ मध्ये कायदा आला. त्याला सगळे फिसा म्हणतात. परकीय हेरगिरीच्या संशयावरून अमेरिकेत कुणाचं संभाषण ऐकायचं असेल, तर एका खास न्यायालयात अर्ज करायचा. आपल्याकडे हा आदेश आजही गृहसचिव देतात, न्यायाधीशाची सही लागत नाही. तिकडे ती लागू लागली, हे पाऊल मोठंच होतं.

पण न्यायाधीशाला दिसतं काय? त्याच्यापुढे ठेवलेली फाइल. माझी वकिलीत तीसेक वर्षं गेली, त्या जोरावर सांगतो: एकतर्फी अर्ज घेऊन उभं राहिलं की समोरची बाजू रिकामी असते. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगायला तिथे आपल्याशिवाय कुणीच नसतं. ती सांगणं हे त्या वेळी वकिलाचं खरं काम. आणि नेमकं तेच सगळ्यात जड जातं. खोटा पुरावा रचणारे थोडे. पण हातचं राखून बोलणारे फार, आणि अन्याय जास्त करून त्यांच्याच हातून होतो. एवढंच मला आज सांगायचंय. उदाहरणं अमेरिकेची घेतो, कारण तिथे फाइली उशिरा का होईना उघडतात.

आधी तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, सरकारी वकिलाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे तपास पोलिसांचा, आरोपपत्रही पोलिसच दाखल करतात, आणि सरकारी वकील त्यानंतर उभा राहतो. तिकडे कुणावर खटला भरायचा, कुठल्या कलमाखाली, कुणाला माफीचा साक्षीदार करायचं, हे सगळं सरकारी वकील ठरवतो. १ एप्रिल १९४० रोजी रॉबर्ट जॅक्सन यांनी देशभरच्या फेडरल वकिलांना वॉशिंग्टनमध्ये बोलावून एक भाषण केलं. जॅक्सन तेव्हा ॲटर्नी जनरल होते, पुढे न्युरेंबर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य वकील झाले. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं जीवन, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर तुमच्याइतकी सत्ता या देशात दुसऱ्या कुणाची नाही. आणि सगळ्यात मोठा धोका कोणता, तर आधी माणूस हेरायचा आणि मग त्याला अडकवायला कायद्याची पुस्तकं चाळायची.

आता सिनेटर टेड स्टीव्हन्स. अलास्काचे, १९६८ पासून सिनेटमध्ये. जुलै २००८ मध्ये त्यांच्यावर सात आरोप ठेवले गेले. गर्डवुड गावात त्यांचं एक लाकडी घर होतं. बिल ॲलन नावाच्या तेलधंद्यातल्या कंत्राटदाराने ते दुरुस्त करून दिलं. दुरुस्ती म्हणजे किती? अख्खं घर उचलून धरलं आणि त्याच्याखाली नवा मजला बांधला. आरोप असा, की अडीच लाख डॉलरहून जास्त किमतीच्या या भेटी सिनेटरनी जाहीर केल्या नाहीत.

बचावाच्या हातात एक चिठ्ठी होती, २००२ च्या ऑक्टोबरची, स्टीव्हन्स यांच्या हातची. तिचा सारांश असा: कामाबद्दल आभार, पण मला बिल पाठव. मैत्री वेगळी आणि नियम वेगळे. बॉबला (हा दोघांच्या ओळखीचा मित्र) तुझ्याशी बोलायला सांगितलंय, त्याच्यावर चिडू नकोस. ही चिठ्ठी खरी धरली तर खटल्यातली हवाच निघून जाते. साक्षीला ॲलन उभे राहिले आणि म्हणाले, बॉब मला म्हणाला होता, बिलाचं मनावर घेऊ नकोस, टेड फक्त स्वतःची कातडी वाचवतोय. ज्युरीच्या डोळ्यांसमोर त्या एका वाक्याने चिठ्ठीचा अर्थ उलटा झाला. बिल मागणारा प्रामाणिक माणूस क्षणात पुरावा पेरून ठेवणारा लबाड ठरला.

२७ ऑक्टोबर २००८ ला सातही आरोप सिद्ध झाले. निवडणूक ४ नोव्हेंबरला, म्हणजे आठ दिवसांवर. चाळीस वर्षं सिनेटमध्ये असलेला माणूस चार हजारांहून कमी मतांनी पडला.

मग एक कागद बाहेर आला. त्याच वर्षी १५ एप्रिलला सरकारी वकिलांनी ॲलन यांची मुलाखत घेतली होती. तेव्हा ते म्हणाले होते की बिलाबद्दल बॉबशी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. कामाची किंमत? सुमारे ऐंशी हजार डॉलर. बचावाला यातलं काहीच सांगितलं गेलं नव्हतं. नुसता विचार करा, उलटतपासणीत हा एक कागद हाती असता तर!

एप्रिल २००९ मध्ये नवे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनीच खटला मागे घेण्याचा अर्ज केला. इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्टीव्हन्स रिपब्लिकन, त्यांच्यावर खटला भरला तो रिपब्लिकन बुश यांच्या सरकारने, आणि मागे घेतला तो डेमोक्रॅट ओबामांच्या सरकारने. म्हणजे ‘विरोधकाला गुंतवलं’ हे आपलं ठरलेलं उत्तर इथे लागूच पडत नाही. खटला जिंकण्याची ओढ एवढंच कारण पुरलं. न्यायाधीश एमेट सलिव्हन म्हणाले की पंचवीसेक वर्षांच्या कारकिर्दीत मी असा गैरप्रकार पाहिलेला नाही. त्यांनी सरकारी वकिलांचीच चौकशी लावली. पाचशेहून अधिक पानांचा तो अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की पुरावा जाणूनबुजून दडवला गेला. पण न्यायालयाच्या अवमानाचा खटला भरता येणार नाही. का? तर आरोपीच्या बाजूचा पुरावा द्या असा स्पष्ट लेखी हुकूम न्यायाधीशांनी दिलाच नव्हता. सरकारी वकिलांनी आम्ही देतो म्हटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला! अहवाल आला तेव्हा स्टीव्हन्स हयात नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये विमान अपघातात ते गेले.

ते भोक बुजवायला २०२० साल उजाडलं. ऑक्टोबर २०२० च्या कायद्याने प्रत्येक फेडरल फौजदारी खटल्यात पहिल्याच तारखेला न्यायाधीशाने असा हुकूम देणं बंधनकारक झालं. आणि ज्या नियमावर स्टीव्हन्स यांची अब्रू थोडीफार परत आली, तो आला कुठून, हेही सांगायला हवं. मेरीलँडमधल्या जॉन ब्रेडी नावाच्या एका माणसाच्या खटल्यातून. खुनाच्या आरोपाखाली त्याला फाशीची शिक्षा झाली होती, आणि प्रत्यक्ष खून मी केला असा त्याच्या साथीदाराचा जबाब सरकारने दडवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितलं, आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवाल तर खटलाच अन्यायाचा. हूवरचा पाच वाक्यांचा अर्जही त्याच वर्षीचा. एका फाशीच्या कैद्याने मिळवलेला नियम एका सिनेटरच्या कामी आला. म्हणून कुणी मला म्हणतं, राजकारण्यांच्या हक्कांची तुम्हाला कसली काळजी, तेव्हा मला वाईट वाटतं. नियम एकच आहे, तो वरून फाटला तरी खालचा माणूसच उघडा पडतो.

न्याय्य वागणूक म्हणजे पुढाऱ्याला सोडून देणं नव्हे. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात सोन्याच्या लगडी आणि पावणेपाच लाखांहून जास्त डॉलर रोख सापडले, २०२४ मध्ये दोष सिद्ध झाला आणि अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता पुन्हा पाळतीकडे. २०१६ ची निवडणूक. ट्रम्प यांच्या प्रचारात परराष्ट्र धोरणाचा सल्लागार म्हणून काम केलेल्या कार्टर पेज यांच्यावर एफबीआयचा संशय होता, की रशियाशी यांचं काही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिसा न्यायालयाने पाळतीची परवानगी दिली, मग तिला तीनदा मुदतवाढ मिळाली. पहिल्या अर्जावर एफबीआयतर्फे सही कुणाची? जेम्स कोमींची. ज्यांच्या टेबलावर तो १९६३ चा कागद होता, त्यांचीच.

डिसेंबर २०१९ मध्ये न्याय खात्याचे महानिरीक्षक, म्हणजे खात्याच्याच कारभाराची चौकशी करणारे अधिकारी, मायकेल होरोविट्झ यांचा अहवाल आला. तो दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. तपास सुरू करायला पुरेसं कारण होतं, आणि तो राजकीय आकसाने सुरू झाला असा कागदोपत्री पुरावा मिळाला नाही, हे त्यात आहे. आणि पाळतीच्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि वगळलेल्या गोष्टी आहेत, हेही त्यातच आहे. पैकी एक अशी: ज्या रशियन माणसांशी पेज यांच्या ओळखी होत्या, त्यांच्याबद्दलची माहिती ते काही वर्षं सीआयएला देत होते. संशय ज्या संबंधांवर उभा, त्यातल्या काहींचा खुलासा आपल्याच दुसऱ्या खात्याकडे होता. सीआयएने ते एफबीआयला कळवलंही होतं. अर्जात ते आलं नाही.

२०१७ च्या जूनमध्ये शेवटच्या मुदतवाढीच्या वेळी एका अधिकाऱ्याने नेमकं हेच विचारलं, पेज सीआयएचे खबरे होते का? एफबीआयचे वकील केव्हिन क्लाइनस्मिथ यांनी सीआयएकडून आलेला ईमेल पुढे पाठवला, पण पाठवताना त्यात ‘खबरे नव्हते’ एवढे शब्द घुसडले. इतकंच. त्या ईमेलच्या भरवशावर अर्ज झाला, न्यायाधीशांनी सही केली, आणि एका नागरिकाचं संभाषण आणखी तीन महिने ऐकलं गेलं. क्लाइनस्मिथ यांनी २०२० मध्ये गुन्हा कबूल केला, त्यांना एक वर्षाचं प्रोबेशन आणि ४०० तासांचं समाजकार्य अशी शिक्षा झाली. चारपैकी शेवटच्या दोन अर्जांना पुरेसा आधार नव्हता, हे खुद्द न्याय खात्याने मान्य केलं. पेज यांच्यावर कुठलाही आरोप कधीच ठेवला गेला नाही. त्याच डिसेंबरात कोमी टीव्हीवर म्हणाले, मी चुकलो, आमच्या कार्यपद्धतीवर मी नको तितका विसंबलो. तो कबुलीजबाब मला प्रामाणिक वाटतो. टेबलावर इशारा ठेवणाऱ्या माणसाच्याही हातून हे निसटलं, यावरून दुखणं किती खोल आहे ते दिसतं.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कोमींवर फेडरल खटला भरला गेला. आरोप, २०२० मध्ये सिनेटपुढे खोटं बोलले. खटला भरण्याची पाच वर्षांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. त्याआधी, व्हर्जिनियातल्या ज्या जिल्ह्यात हा खटला भरला गेला, तिथल्या फेडरल वकिलाला पद सोडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर ॲटर्नी जनरलना नावानिशी उद्देशून, या लोकांवर कारवाई कधी होणार असं जाहीर विचारलं. लगोलग त्या जागी लिंडसे हॅलिगन आल्या. त्या आधी राष्ट्राध्यक्षांच्या खासगी वकील होत्या, सरकारी वकिलीचा अनुभव त्यांना नव्हता. काही दिवसांत ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, त्या एकट्याच उभ्या राहिल्या, आणि आरोपपत्रावर सहीही एकट्या त्यांचीच. जॅक्सन यांनी १९४० मध्ये ज्याची धास्ती बोलून दाखवली होती, त्याचं याहून नागडं उदाहरण मला ठाऊक नाही. माणूस आधी ठरला, कलम मागाहून शोधलं. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला, तो मात्र वेगळ्या कारणावर: हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा होती.

कोमींची राजकीय भूमिका तुम्हाला पटते की नाही, ट्रम्प आवडतात की नाही, यावर या खटल्याबद्दलचं तुमचं मत ठरत असेल, तर पेज यांच्याबद्दल काय वाटलं होतं ते एकदा आठवून बघा. मी अमेरिकेतल्या मराठी मित्रांशी या दोन्ही प्रकरणांवर बोललोय. पेज यांच्या वेळी चिडलेले कोमींच्या वेळी गप्प होते, आणि गप्प बसलेले आता चिडलेत. दोन्हीकडे सारखं चिडलेला माणूस मला क्वचितच भेटला.

पेज यांच्या प्रकरणानंतर होरोविट्झ यांनी आणखी एक काम केलं, त्याची चर्चा फार कमी झाली. एफबीआयमध्ये २००१ पासून नियम आहे, की पाळतीच्या अर्जातल्या प्रत्येक विधानामागे आधाराचा कागद हवा आणि ते सगळे एका वेगळ्या फायलीत लावलेले हवेत. त्यांनी देशभरातले २९ अर्ज निवडले. हे राजकीय नव्हते, रोजच्या कामातले साधे अर्ज होते. मार्च २०२० मध्ये त्यांनी कळवलं, की चार अर्जांची ती फाइलच सापडली नाही, आणि उरलेल्या पंचवीस तपासल्या, त्यातल्या प्रत्येकात चुका निघाल्या. स्टीव्हन्स यांना सलिव्हन भेटले, पेज यांच्यासाठी महानिरीक्षक कामाला लागले, कोमींकडे उत्तम वकील होते, कारण या तिघांकडे सगळा देश बघत होता. त्या २९ अर्जांतली माणसं कोण, हे आपल्याला सांगितलेलं नाही. आपले फोन ऐकले जात होते हे त्यांच्यापैकी बहुतेकांना आजही माहीत नसेल.