खुकरी: हातातली आणि कपाटातली

समोरच्या टेबलावर तुमच्यासाठी तीन खुकऱ्या मांडल्या आहेत, त्या हाताळण्याआधी थोडं सांगतो. आमच्या घरी कोयता दारामागे टांगलेला असायचा. शहाळं तासायला तोच, जळण फोडायला तोच, कुंपणाची झुडपं छाटायलाही तोच. त्याची किंमत कधी कुणी विचारली नाही. बोथटला की लोहाराकडे जायचा. म्हणून खुकऱ्या जमवायला लागलो तेव्हाही मी आधी एवढंच बघायचो, की हिनं लाकूड तुटतं का. पैसे मोजणाऱ्यानं आजही आधी तेच बघावं.

खुकरीचं पातं मधेच खाली वळतं आणि पुढे पोटाशी रुंद होतं. वजन पुढे असतं, त्यामुळे मनगटाला फारसा जोर लागत नाही. घाव आपणहून बसतो. नेपाळातले कामी, म्हणजे लोहार, ट्रकचा जुना पाटा तापवून ती घडवतात. त्यांचं खरं कसब पाणी देण्यात. तापून लाल झालेलं पातं ते पाण्यात बुडवत नाहीत. किटली तिरपी करून तिच्या तोंडातलं बारीक पाणी फक्त धारेच्या कडेवरून फिरवतात. कड कठीण होते, पाठ मऊ राहते. गाठीच्या लाकडावर घाव पडला की धक्का ती पाठ सोसते. मूठ लाखेनं बसवलेली असते. ती हलायला लागली तर पुन्हा लाखच भरावी. हल्लीचा कडक गोंद ओतला की पुढच्या दुरुस्तीची वाट बंद.

दुकानातल्या पितळी सिंहमुखाच्या, आरशासारख्या चकचकीत खुकऱ्यांवर मी वेळ घालवत नाही. त्या भिंतीसाठी असतात, आणि परत विकायला गेलात तर कुणी हात लावत नाही.

भाव मिळतो तो न छेडलेल्या वस्तूला. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेसाठी बनलेल्या खुकऱ्यांवर साल आणि कारखान्याचे शिक्के सापडतात. जुनं चामडी म्यान आणि त्याच्या पाठीमागच्या खणातली दोन छोटी पाती, करदा म्हणजे लहान सुरी आणि चकमक म्हणजे धार लावायचं बोथट पातं, सोबत असतील तर भाव आणखी चढतो. माझ्या हातून इथेच मोठी चूक झाली. एक जुनी खुकरी मिळाली, पात्यावर काळपट गंज होता. मी दोन दिवस पॉलिश पेपरनं घासून तिला लखलखीत केली. मुठीजवळ एक पुसट शिक्का होता, तोही घासला गेला. ती कुठली, कधीची, हे आता मलाच सांगता येत नाही, मग घेणाऱ्याला काय सांगू? ती मी विकली नाही. बागेत वापरतो. तेव्हापासून जुन्या पात्याला फक्त तेलाचा बोळा.

दुर्मिळपणावर भरवसा ठेवून पैसे गुंतवू नका, हेही कळकळीनं सांगतो. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळी फौजेचा जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी उचलला. बंदुकांबरोबर खुकऱ्याही ढिगानं बाहेर आल्या. जी लांब, पानासारख्या पात्याची खुकरी संग्राहकांना क्वचित दिसायची, ती कुणालाही मागवता येऊ लागली. अशा वेळी ज्यानं ती आवडली म्हणून घेतली होती, त्याचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडे कायद्याचंही भान हवं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम बघा: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं नसेल, तर ते धारदार शस्त्रांत धरलं जातं. घेण्याआधी, विकण्याआधी आणि कुरिअर करण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. विकत घेतल्याची पावती जपा, पुढच्या गिऱ्हाइकालाही ती लागते.

आता टेबलावरच्या तिन्ही खुकऱ्या हातात घेऊन बघा. एकच सांभाळा. म्यान मुठीत आवळून धरू नका, बोटं पाठीच्या बाजूला ठेवा. धारेकडची शिवण जुनी आहे, उपसताना पातं ती कापून बाहेर येऊ शकतं. आणि बघून झाल्यावर पातं म्यानात घालू नका, बाजूच्या कापडावर ठेवा. चामडं ओल धरतं, आणि इथली पावसाळी हवा तुम्हाला ठाऊकच आहे.