इजिप्त शिकवताना पिरॅमिडपासून सुरुवात नको

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज समोर फक्त इतिहासाचे शिक्षक नाहीत. गणित, विज्ञान, भूगोल, भाषा, चित्रकला असे सगळ्या विषयांचे शिक्षक बसलेत, याचा मला फार आनंद आहे. कारण प्राचीन इजिप्त एकट्या इतिहासाच्या तासाला टाकला की तो दोन तासांत उरकतो आणि मुलांच्या हाती तीनच शब्द उरतात: पिरॅमिड, ममी, फॅरो. पुठ्ठ्याचा पिरॅमिड होतो, प्रदर्शनात टेबलावर बसतो, पालक फोटो काढतात. एवढ्या खटाटोपात मुलाला एका इजिप्शियन माणसाच्या दिवसाबद्दल काहीही कळलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की राजांच्या थडग्यांपासून सुरुवातच करू नका. कामगारांच्या आणि कारकुनांच्या कागदपत्रांपासून करा. त्यांत हिशोब आहेत, आजारपणं आहेत, थकलेला पगार आहे, नावेच्या फेऱ्या आहेत. तिथे प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला आपलं खरं काम सापडतं. आणि ही कागदपत्रं आज शाळेच्या प्रोजेक्टरवर दिसू शकतात. वीस वर्षांपूर्वी ती बघायला परदेशी जावं लागलं असतं, नाहीतर महागडी पुस्तकं मागवावी लागली असती.

आता पडद्यावर बघा. हा चुनखडीचा तुकडा आहे, साधारण ३८ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात त्याचा क्रमांक ईए ५६३४. संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर बघता येतं. आज ज्याला लक्सर म्हणतात त्या गावासमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, देर अल-मदिना नावाची वस्ती होती. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे राहत. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षी त्यांच्या कारकुनाने या दगडावर काय लिहिलंय? मस्टर. चाळीस जणांची नावं एका कडेला उजवीकडे ओळीने लिहिली आहेत, त्यांच्यापुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि तारखेच्या वर कारण तांबड्या शाईत.

कारणं ऐका. आजारी. डोळे आलेत. सेबा नावाच्या कामगाराला विंचू चावला. देवाला नैवेद्य होता. घरात मयत झालं, त्याचे विधी होते. घरी बीअर गाळायची होती. आणि एक कारण पुन्हा पुन्हा येतं: ‘साहेबांबरोबर होता’. दुसऱ्या लेखांवरून अभ्यासक त्याचा अर्थ लावतात, की वरिष्ठाच्या खासगी कामावर गेला होता. हे वाचल्यावर सातवीच्या मुलांचे चेहरे बघा. इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकातली माणसं एकदम ओळखीची होतात.

आता हा एक दगड प्रत्येकाने आपापल्या तासाला न्यायचा. गणिताचा शिक्षक त्यावरून वारंवारता सारणी करून घेईल, कोणत्या कारणाने किती दिवस गेले ते मुलं मोजतील. विज्ञानाच्या तासाला प्रश्न निघेल की डोळ्यांचे आजार का व्हायचे. वाळू, धूळ, बंदिस्त थडग्यात दिव्याच्या उजेडात चाललेलं काम, अशी कारणं मुलं स्वतः सुचवतात. ती तपासायची कशी, हा पुढचा प्रश्न. काही नोंदींत बायकोचा किंवा मुलीचा रक्तस्राव हे गैरहजेरीचं कारण दिलंय, आणि अभ्यासक ते पाळीशी जोडतात. ही नोंद गाळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या घरांमध्ये पाळीभोवती जे नियम आहेत त्यांच्याबद्दल बोलायला मुलींना आणि मुलांनाही इतकी सहज संधी पाठ्यपुस्तक क्वचितच देतं.

भाषेच्या शिक्षकाला इथे मी एक खास काम देईन. ‘विंचू चावला’ एवढ्या दोन शब्दांच्या नोंदीवरून सेबाचा तो दिवस लिहायला सांगा. अट एकच: दगडावर नाही आणि देर अल-मदिनाबद्दल आपण वाचलेलंही नाही, असं काही घालायचं असेल तर त्याखाली रेघ मारायची. माहीत काय आणि रचलेलं काय, याचा फरक मुलं त्या रेघेतून शिकतात. इतिहासाच्या दहा व्याख्यांनी ते होत नाही.

याच वस्तीतली पुढची गोष्ट नागरिकशास्त्राची आहे. कारागिरांचा पगार धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव, आणि एक खार म्हणजे सुमारे ७६.८ लिटर. मुलांना आधी हा गुणाकार करू द्या: सुमारे ४२२ लिटर धान्य. मग विचारा, एवढ्यात किती माणसांचं घर चालेल? पुढे तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी हे धान्य वेळेवर येईना. कामगारांनी हत्यारं खाली ठेवली, वस्तीच्या चौक्या ओलांडल्या आणि मंदिराच्या मागे जाऊन बसले. ‘आम्ही भुकेले आहोत, महिन्याचे अठरा दिवस उलटले,’ असं त्यांचं म्हणणं कारकुनाने टिपून ठेवलंय. संपाची याहून जुनी तपशीलवार लेखी नोंद जगात माहीत नाही. ही नोंद ज्यावर आहे तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद, इटलीत तुरिनच्या इजिप्त संग्रहालयात आहे आणि त्या संग्रहालयाने आपले पपायरस ऑनलाइन बघण्याची चांगली सोय केली आहे.

गणिताच्या शिक्षकांसाठी मात्र मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्यासाठी इजिप्तने जे ठेवलंय ते फार मोलाचं आहे. आहमोस नावाच्या कारकुनाने इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमाराला एका जुन्या ग्रंथाची नक्कल केली. अलेक्झांडर हेन्री ऱ्हिंड या स्कॉटिश गृहस्थाने १८५८ साली ती लक्सरला विकत घेतली, म्हणून तिला ऱ्हिंड पपायरस म्हणतात. तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं एक उदाहरण: सहा पाव दहा माणसांत वाटा. आपली मुलं लगेच म्हणतील, प्रत्येकी सहा दशांश. बरोबर आहे. पण खरंच सुरी हातात घेऊन वाटा म्हटलं तर? प्रत्येक पावातून सहा दशांशाचा एक तुकडा कापला तर सहा जणांना एकेक मोठा तुकडा मिळतो आणि उरलेल्या चौघांच्या वाट्याला जोडतोड येते. चौघं म्हणणार, आम्हाला उरलंसुरलं का? आहमोसचं उत्तर आहे एक द्वितीयांश अधिक एक दशांश. पाच पावांचे अर्धे अर्धे करा, दहा अर्धे झाले. सहाव्या पावाचे दहा तुकडे करा. प्रत्येकाला एक अर्धा आणि एक लहान तुकडा, आणि कुणाचा वाटा दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसतसुद्धा नाही.

मुलांना खरे पाव आणून द्या. नऊ पाव दहा माणसांत हे गणितही तिथे आहे, त्याचं उत्तर दोन तृतीयांश, एक पंचमांश आणि एक तिसांश. ते आधी सांगू नका, बेरीज करून नऊ दशांश येतात का हे मुलांनाच पडताळू द्या. दोन तृतीयांश सोडला तर अंश एक असलेलेच अपूर्णांक इजिप्शियन लोक का वापरत, हा प्रश्न मग कोरडा राहत नाही. वर्तुळाचंही बघा. व्यास नऊ असलेल्या गोल शेताचं क्षेत्रफळ ते ६४ काढत, म्हणजे व्यासाचा नववा भाग वजा करून उरलेल्याचा वर्ग. आपल्या सूत्राने साधारण ६३.६ येतं. चूक किती टक्के, ते आठवीच्या मुलांना काढू द्या. एक टक्क्याच्या आत येते.

विज्ञानाकडे येऊ. देर अल-बर्शा इथे जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाड्यावर ठेवलाय, माणसांच्या रांगा दोर ओढताहेत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक माणूस समोरच्या जमिनीवर पाणी ओततोय. अनेक वर्षं लोक म्हणत, हा काहीतरी धार्मिक विधी असावा. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत योग्य प्रमाणात पाणी असेल तर ओढायला लागणारं बल जवळपास निम्म्यावर येतं, कारण कोरडी वाळू घसरगाड्यापुढे साचते आणि ओलसर वाळू घट्ट राहते. ट्रे, वाळू, लाकडी ठोकळा आणि ताणकाटा एवढ्यात हा प्रयोग वर्गात होतो. पाणी थोडं थोडं वाढवत आलेख काढा. जास्त पाणी झालं की पुन्हा जड जातं, तो वळणबिंदू मुलांनीच शोधावा. आणि परग्रहावरच्या लोकांनी पिरॅमिड बांधले असं सांगणारे व्हिडिओ मुलांनी बघितलेले असतातच. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा हा ट्रे पुढे ठेवा. त्याच्या जोडीला मेरेरची रोजनिशी द्या. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पिएर ताले यांच्या चमूला हे पपायरस मिळाले. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तुराच्या खाणीतून चुनखडी नावेतून गिझाला नेणाऱ्या टोळीचा हा मुकादम. आज खाणीत, उद्या नावेत, परवा गिझाला, असा त्याचा हिशोब आहे. लिहिलेले पपायरस म्हणून आज हेच सर्वांत जुने.

भूगोलासाठी गुगल अर्थवर आस्वानपासून भूमध्य समुद्रापर्यंत नाईलच्या कडेने सावकाश जा. हिरव्या पट्ट्याची रुंदी जागोजागी मोजायला सांगा. नदी उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून येतो, म्हणून दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं आणि उत्तरेला यायचं तर प्रवाहावर सोडायचं. दक्षिणेच्या प्रवासाच्या चित्रलिपीत शीड उभारलेली नावच काढतात. नाईलला पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगरांवरच्या उन्हाळी पावसाने, साधारण आपल्याकडे पावसाळा असतो त्याच महिन्यांत. व्याधाचा तारा पहाटे पुन्हा दिसू लागला की पूर जवळ आला, हे त्यांना ठाऊक होतं. १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो पूर थांबला. धरणाची चर्चा आपल्या मुलांना नवी नाही, ती त्यांनाच करू द्या.

आपल्या बाजूचा धागाही आहे, पण तो बऱ्याच नंतरचा, रोमन अमलाखालच्या इजिप्तचा. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापारमार्गांच्या पुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही नावं येतात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात काळी मिरी आणि सागवान सापडलंय. कल्याणच्या शाळेतून आलेल्या शिक्षकांनी हे जरूर घ्यावं. पण रामसेसच्या काळात मिसळू नये, मधे हजार वर्षांहून जास्त अंतर आहे.

साधनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. थडग्यात फिरवून आणणारे त्रिमिती देखावे छान वाटतात, हार्वर्डचा गिझा प्रकल्प तर उत्तमच आहे. पण वर्गाला खरा उपयोग होतो तो संग्रहालयाच्या साध्या नोंदपानाचा. फोटो, माप, कुठे मिळालं, संग्रहालयात कधी आलं. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने तुतनखामुन राजाचं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या रोजनिशा आणि त्या कामाचे छायाचित्रकार हॅरी बर्टन यांचे फोटो खुले केलेत. ४ नोव्हेंबर १९२२च्या रोजनिशीत तुतनखामुनच्या थडग्याची पहिली पायरी सापडल्याची जेमतेम एक ओळ आहे. फोटोंत ओझी वाहणारी इजिप्शियन माणसं दिसतात, त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. तेही मुलांना विचारा, का नाहीत? ज्याच्यामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली तो रोझेटाचा शिलालेख इजिप्तमधल्या रशीदमध्ये सापडला आणि लंडनला कसा गेला, हेही त्याच नोंदपानावरून काढता येतं. इंटरनेटवरची सर्च इंजिनं हल्ली बनावट चित्रंही पुढे करतात, म्हणून नोंद क्रमांक नसलेलं चित्र वर्गात वापरायचं नाही, हा नियम घाला.

अडचण भाषेची आहे, हे मी जाणते. ही पानं इंग्रजीत असतात आणि यंत्राने केलेलं मराठी कित्येकदा अर्थाचा अनर्थ करतं. म्हणून प्रत्येक वस्तूचं अर्ध्या पानाचं मराठी टिपण शिक्षकांनीच करावं आणि आपसांत वाटावं. इंटरनेटचा भरवसा नसेल तर फोटो आधी उतरवून ठेवा, मोठ्या कागदावर छापा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची मुक्त शिक्का असलेली छायाचित्रं कशीही वापरता येतात. ब्रिटिश म्युझियमची श्रेय देऊन, विक्रीसाठी नसेल तर चालतात.

वेळापत्रक मोडू नका. एका आठवड्यात एकच वस्तू, आणि ज्या विषयाचं त्या वस्तूत खरंच काही नाही त्याने ओढूनताणून भाग घेऊ नये. आठवड्याच्या शेवटी मुलांना एक अनोळखी वस्तू नोंदपानासह द्या आणि लिहायला सांगा, ही घेऊन तू कोणत्या सरांकडे किंवा बाईंकडे जाशील आणि काय विचारशील. पुढच्या आठवड्याची वस्तू मी त्या प्रश्नांमधूनच निवडते.